ऑटोक्लेव्हच्या आधीचा अर्धा तास: लहान डेंटल क्लिनिकमधलं जंतुसंसर्ग नियंत्रण

ठाण्याच्या नौपाड्यातला जुना गाळा, घोडबंदर रोडवरच्या टॉवरखालचं दुकान किंवा वाशी-खारघरच्या एखाद्या सेक्टरमधला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. जागा दोनशे-तीनशे चौरस फूट, एक किंवा दोन खुर्च्या, एक बेसिन, एक ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र), डॉक्टर आणि असिस्टंट. सकाळी मावशी झाडू-लादी करून जातात. पाठ्यपुस्तकात दाखवलेली निर्जंतुकीकरणाची स्वतंत्र खोली इथे काढणार कुठून? हा लेख अशाच जागेसाठी आहे.

ऑटोक्लेव्ह आता जवळपास सगळ्यांकडे असतो. तरी घोटाळा होतो, आणि तो बहुतेक वेळा यंत्राच्या दाराबाहेर होतो. हत्यारं नीट घासलेली नसतात, नाहीतर मोजकीच असल्यामुळे घाईघाईत अर्धी फेरी करून बाहेर काढलेली असतात. म्हणून सुरुवात यंत्रापासून न करता हिशेबापासून करू.

हत्यारं किती लागतात

संध्याकाळी पाच ते नऊ अशी वेळ धरा. अर्ध्या तासाला एक पेशंट म्हणजे आठ पेशंट. वापरलेलं हत्यार पुन्हा हातात यायला किती वेळ लागतो ते कागदावर मांडा: धुणं, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं पाण्याचं यंत्र) आणि पुसणं मिळून २० ते २५ मिनिटं, पाऊच (कागद-प्लास्टिकची बंद पिशवी) भरायला ५ मिनिटं, वाळवण्यासकट ऑटोक्लेव्हची फेरी ४० ते ५० मिनिटं, थंड व्हायला १० मिनिटं. एकूण दीड तास. शिवाय ट्रे भरेपर्यंत आपण थांबतो, त्यामुळे पहिली फेरी सातच्या सुमाराला लागते आणि साडेआठच्या आसपास हाताशी येते.

याचा अर्थ पाच ते साडेआठ या वेळेतले सातही पेशंट कपाटातल्या तयार पाऊचवर निभावायचे आहेत. मिरर, प्रोब, ट्वीझर यांचे तपासणी संच किमान दहा हवेत. सातांपैकी चौघांना एअरोटर (दात कोरायचं, हवेवर फिरणारं हत्यार) लागेल असं धरलं तर चार एअरोटर आणि एक जादा, असे पाच. दोन एअरोटरवर आठ पेशंट बघणाऱ्या क्लिनिकमध्ये ते प्रत्येक वेळी ऑटोक्लेव्ह होत नाहीत हे सांगायला तपासनीस लागत नाही, साधी वजाबाकी पुरते. नवी खुर्ची, नवा टीव्ही, नवी पाटी या सगळ्याआधी तीन एअरोटर घ्या.

कशाला काय लागतं याचा जगभर चालणारा नियम स्पॉल्डिंगच्या वर्गवारीवरून आला आहे. रक्तवाहिन्या, हाड किंवा हिरडीच्या आत जाणारं हत्यार (फोर्सेप, एलिव्हेटर, स्केलर, बर म्हणजे कोरायचं टोक, फाइल) निर्जंतुकच हवं. नुसत्या ओल्या त्वचेला लागणारं (मिरर, इम्प्रेशन ट्रे, अमाल्गम कॅरिअर) उष्णता सोसत असेल तर तेही ऑटोक्लेव्हमध्येच घालायचं, सोसत नसेल तरच उच्च क्षमतेच्या रसायनात. खुर्ची, लाइटचं हँडल, एक्स-रेचं बटण यांना पृष्ठभागाचं जंतुनाशक आणि आवरण पुरतं. एअरोटर आणि मायक्रोमोटरचा हँडपीस यांत नेहमी ऑटोक्लेव्हच्या बाजूला धरायचे, कारण त्यांच्या पोटात लाळ-रक्त शोषलं जातं आणि बाहेरून स्पिरिट फिरवून ते निघत नाही.

ओला कोपरा, सुका कोपरा

ओटा सहा फुटांचाच असला तरी त्यावर दिशा ठरवता येते. डावीकडे बेसिन आणि धुण्याची जागा, मग अल्ट्रासॉनिक, मग पुसायचा-वाळवायचा भाग, मग पाऊच भरायची जागा, मग ऑटोक्लेव्ह आणि सगळ्यात उजवीकडे, शक्यतो वरच्या बंद कपाटात, तयार माल. हत्यार डावीकडून उजवीकडे जातं, उलट कधीच येत नाही. धुण्याच्या आणि पाऊचच्या जागेमध्ये अॅक्रिलिकची फूटभर उंच पट्टी उभी केली की शिंतोडे पलीकडे जात नाहीत. लाल आणि हिरवी चिकटपट्टी ओट्यावर मारून ठेवा. असिस्टंट बदलल्या तरी पट्टी तिथेच राहते.

त्याच बेसिनमध्ये हात धुणं, चहाचे कप विसळणं आणि हत्यारं घासणं हे मात्र चालणार नाही. दुसरं बेसिन बसवायला जागा नसेल तर हत्यारांसाठी झाकणाचा खोल टब वापरा आणि त्यातलं पाणी बेसिनच्या बाजूने हळू ओता.

धुणं: इथेच निम्मं काम होतं

रक्त आणि लाळ वाळली की त्यातली प्रथिनं धातूला चिकटून बसतात. त्या थराखाली वाफ पोचत नाही. ऑटोक्लेव्ह मळ काढत नाही, तो मळ भाजून पक्का करतो.

१. पेशंट उठल्यावर हत्यारं लगेच धुणं शक्य नसेल तर झाकणाच्या डब्यात एन्झाइमच्या द्रावणात बुडवा, किंवा एन्झाइमचा फोम मारून ठेवा. हायपोक्लोराइटमध्ये भिजत घालायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात, खड्ड्यात मळ बसतो आणि वर्षभरात फोर्सेपच्या सांध्याला तांबूस डाग दिसू लागतात. ते टाळा.

२. धुणाऱ्याच्या हातात जाड रबरी हातमोजे हवेत, तपासणीचे पातळ नव्हेत. वरून प्लास्टिकचा एप्रन, मास्क, चष्मा किंवा फेसशील्ड. सुई, ब्लेड आणि बर आधी बाजूला काढले आहेत याची खात्री डॉक्टरांनी करायची, असिस्टंटवर सोडायची नाही.

३. अल्ट्रासॉनिकमध्ये पाणी भरल्यावर पाच मिनिटं रिकामं चालवा म्हणजे पाण्यातली विरघळलेली हवा निघून जाते. हवा राहिली तर बुडबुड्यांचा मारा मऊ पडतो. एन्झाइमचं प्रमाण बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घ्या, साधारण लिटरला ५ ते १० मिलिलिटर. पाणी कोमट, ४० अंशांच्या आसपास. फार गरम झालं तर एन्झाइम निकामी होतात आणि प्रथिनं गोठतात.

४. फोर्सेप, कात्री उघड्या ठेवून बास्केटमध्ये घाला. तळाला हत्यारं थेट टेकवायची नाहीत, ढीग करायचा नाही. झाकण लावून ५ ते १० मिनिटं.

५. वाहत्या पाण्याखाली विसळा, मग शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्याने. टँकर किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत ही शेवटची पायरी गाळली की हत्यारावर पांढरे डाग येतात.

६. उजेडात धरून बघा. स्केलरचं टोक, फोर्सेपच्या दातेरी खाचा, फाइलचे वळसे. मॅग्निफायिंग लूप्स आहेतच, त्यातून एकदा बघितलं तर काय काय दिसतं ते कळेल. मळ दिसला तर परत पहिल्या पायरीला.

७. धागे न सोडणाऱ्या कपड्याने कोरडं करा. ओलं हत्यार पाऊचमध्ये गेलं की कागद भिजतो.

द्रावण रोज बदला. गढूळ झालं तर दिवसातून दोनदा. अल्ट्रासॉनिक नीट चालतं का हे तपासायला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पुरते. तळहाताएवढा तुकडा उभा धरून अर्धा मिनिट चालवा. सगळीकडे सारखे बारीक खड्डे किंवा भोकं पडली तर ठीक. एखादा पट्टा गुळगुळीत राहिला तर त्या भागातला ट्रान्सड्यूसर गेलेला असतो. महिन्यातून एकदा हे करा.

पाऊच, वाफ आणि हवा

पाऊचवर हत्यार भरण्याआधी तारीख आणि फेरीचा क्रमांक लिहा, तेही प्लास्टिकच्या बाजूला किंवा पट्टीबाहेरच्या कडेवर. कागदावर बॉलपेनने लिहिलं की टोक रुतून कागद फाटतो. टोकदार हत्यारांच्या टोकाला कापसाचा बोळा किंवा टोपी. पाऊच तीन-चतुर्थांशच भरा.

ट्रेवर पाऊच आडवे रचायची सवय सोडा. ताटांच्या स्टँडसारखा रॅक मिळतो, त्यात ते उभे लावा, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लास्टिकसमोर येईल असे. चेंबर तीन-चतुर्थांशाहून जास्त भरायचा नाही. कोंबलेल्या चेंबरमध्ये मधल्या पाऊचांना वाफ नीट मिळत नाही आणि बाहेर येताना ते ओले येतात. ओला पाऊच म्हणजे निर्जंतुक नसलेला पाऊच, कारण ओल्या कागदातून जंतू आत ओढले जातात. फेरीनंतर दार किंचित उघडून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. वाळवण्याची वेळ वाढवा आणि भार कमी करा.

तापमान आणि वेळ: गुंडाळलेल्या मालाला १२१ अंशांवर ३० मिनिटं, किंवा १३४ अंशांवर ४ मिनिटं. ही निव्वळ धरून ठेवण्याची वेळ आहे, तापण्याची आणि वाळवण्याची वेगळी. पाऊचमध्ये हँडपीस असेल तर क्लास बी यंत्र लागतं. ते आधी निर्वात करून हवा टप्प्याटप्प्याने काढतं, त्यामुळे वाफ नळीसारख्या पोकळीत शिरते. क्लास एन यंत्र फक्त न गुंडाळलेल्या भरीव हत्यारांसाठी आहे. नवं यंत्र घेताना विक्रेत्याला युरोपीय मानक ईएन १३०६० प्रमाणपत्राची प्रत मागा. "बी-क्लाससारखंच" हे उत्तर आलं तर ते बी-क्लास नाही. आणि त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या, एसीच्या जोडीला लावू नका.

अजून बऱ्याच ठिकाणी उभा, कुकरसारखा ऑटोक्लेव्ह चालतो. त्याचा धोका समजून घ्या. त्यात काटा दाब दाखवतो, तापमान नाही. १५ पौंड दाबाला सगळी हवा निघाली असेल तर आत १२१ अंश असतात. निम्मीच निघाली तर ११२. अजिबात निघाली नाही तर १००. काटा तिन्ही वेळा १५ वरच. म्हणून झडप उघडी ठेवून वाफेचा अखंड झोत किमान ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, मगच झडप बंद करा आणि तिथून वेळ मोजा. पाऊचमध्ये हँडपीस घालून या यंत्रावर भरवसा ठेवायचा नाही.

पाणी डिस्टिल्डच. यंत्राच्या पुस्तिकेत सहसा १५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा कमी वहनता लिहिलेली असते. घरगुती आरओचं पाणी पिण्याला गोड लागतं, पण त्यात क्षार उरलेले असतात. हीटरवर पुट चढतं आणि वर्षभरात तापमानाचा सेन्सर फसवू लागतो. एसीच्या पाइपखाली बादली लावून गोळा केलेलं पाणीही नको. त्यात कॉइलवरची धूळ, धातूचे अंश आणि बुरशी येते. जार घेताना बॅच नंबर आणि तारीख बघा. बॅटरीचं पाणी नावाने विकलं जाणारं दरवेळी त्याच दर्जाचं असेल असं नाही. तीस-चाळीस रुपये वाचवून हजारोंचा हीटर घालवायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

महावितरणची वीज मधेच गेली तर ती फेरी झाली असं धरू नका, मग शेवटची दोन मिनिटं का राहिली असेनात. पाऊच उघडून, नवे भरून, पूर्ण फेरी पुन्हा. इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह चालत नाही, म्हणून देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आला की आदल्या रात्री जादा फेरी लावून ठेवा.

एअरोटरचा क्रम

बर काढायच्या आधी पेशंटनंतर २० ते ३० सेकंद पाणी आणि हवा चालवा, म्हणजे तोंडातून मागे ओढलेलं बाहेर पडेल. बर काढा. बाहेरून ओल्या वाइपने पुसा. चकच्या बाजूने आणि मागच्या हवेच्या भोकातून तेल मारा, एक-दोन सेकंद. मग बर लावून किंवा ब्लँक (बरच्या जागी बसणारा दांडा) घालून अर्धा मिनिट चालवा आणि टिश्यूवर जादा तेल पडू द्या. पाऊचमध्ये घाला. १३४ अंश, ४ मिनिटं, वाळवणं. थंड झाल्यावर वापरा. गरम असतानाच पाण्याखाली धरू नका, बेअरिंग तडकतं.

तेल ऑटोक्लेव्हच्या आधी. उलट केलं तर निर्जंतुक केलेल्या हँडपीसमध्ये आपणच बाटलीच्या नळीवरचे जंतू घालतो. आणि जादा तेल तसंच आत गेलं तर १३४ अंशांवर ते गोंदासारखं घट्ट होतं. "ऑटोक्लेव्हने एअरोटर खराब होतो" ही तक्रार करणाऱ्यांच्या दहापैकी नऊ हँडपीसमध्ये हेच काळपट गोंद सापडेल.

ग्लुटाराल्डिहाइड, काचेच्या मण्यांचं यंत्र, उकळणं, यूव्ही कपाट: चारही गोष्टी अजून दिसतात. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड निर्जंतुक करायला दहा तास घेतं, पंधरा-वीस मिनिटांत नव्हे. शिवाय ते डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतं, बंद एसी खोलीत तर नकोच. मण्यांच्या यंत्रात फाइलचं टोक तापतं, मूठ गार राहते. उकळल्याने बीजाणू (जंतूंची कवचबंद रूपं) मरत नाहीत. आणि यूव्ही कपाटाचा निळा उजेड पेशंटला धीर देतो एवढंच; ज्या बाजूला उजेड पडत नाही तिथलं काही मरत नाही. तयार पाऊच ठेवायला कपाट म्हणून वापरायला हरकत नाही.

यंत्र खरंच मारतंय का

स्क्रीनवर हिरवा बरोबरचा टिक आला म्हणजे सगळं झालं असं नाही. तपासण्याचे तीन थर आहेत.

पहिला, बाहेरची पट्टी: पाऊचवरची रंग बदलणारी खूण. ती फक्त सांगते की हा पाऊच यंत्रात जाऊन आला. दुसरा, पाचव्या किंवा सहाव्या श्रेणीची रासायनिक पट्टी एका पाऊचच्या आत, चेंबरच्या मधोमध. वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही मिळाली तरच ती पूर्ण बदलते. प्रत्येक फेरीत एक घाला. क्लास बी यंत्रात दिवसाची पहिली फेरी रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक किंवा हेलिक्स चाचणीची करा. हवा नीट निघते का ते यात कळतं.

तिसरा आणि खरा: बीजाणूंची कुपी. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे बीजाणू वाफेला सगळ्यात कमी दाद देतात, म्हणून तेच निवडले आहेत. आठवड्यातून एकदा एक कुपी भरलेल्या चेंबरच्या सगळ्यात अवघड जागी, म्हणजे बहुतेक यंत्रांत दाराजवळ किंवा निचऱ्याच्या भोकाशी ठेवा. फेरीनंतर ती आणि त्याच बॅचची एक न वाफवलेली कुपी, दोन्ही ५५ ते ६० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये २४ ते ४८ तास. वाफवलेली जांभळी राहिली आणि दुसरी पिवळी झाली तर यंत्र पास. दुसरीही जांभळीच राहिली तर चाचणी बाद: कुपीच मेलेली होती. ही तुलनेची कुपी खर्च वाचवण्यासाठी गाळली जाते आणि मग महिनोन्महिने "पास" असे शिक्के पडत राहतात.

वाफवलेली पिवळी झाली तर यंत्र बंद. शेवटच्या पास चाचणीनंतरचे न वापरलेले सगळे पाऊच बाहेर काढून बाजूला ठेवा. भार जास्त होता का, दाराचं रबर फाटलं आहे का, फिल्टर चोंदला आहे का, चुकीचा प्रोग्रॅम लागला का, या क्रमाने बघा. दुरुस्तीनंतर चाचणी सलग पास होईपर्यंत माल दुसऱ्या यंत्रात करून आणा.

रजिस्टरमध्ये तारीख, फेरी क्रमांक, तापमान, दाब, वेळ, काय घातलं, सही आणि चिकटवलेली पट्टी. एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. महिन्याच्या शेवटी एकाच निळ्या पेनाने भरलेलं रजिस्टर दुरूनही ओळखू येतं.

खुर्चीतल्या नळीतलं पाणी

एअरोटर आणि थ्री-वे सिरिंजला (तोंडात हवा-पाणी फवारणाऱ्या पिचकारीला) पाणी नेणाऱ्या नळ्या दीड-दोन मिलिमीटर आतल्या व्यासाच्या असतात. अशा नळीत पाणी मधून वाहतं, भिंतीजवळ जवळजवळ स्थिर असतं. रात्रभर खोलीच्या तापमानाला साठून राहतं. भिंतीवर बुळबुळीत थर, बायोफिल्म, वाढतो. पाणी दिसायला स्वच्छच असतं. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये २०१६ साली मुलांच्या दुधाच्या दातांच्या पल्पोटॉमीनंतर (दातातल्या मज्जेचा काही भाग काढल्यानंतर) मायकोबॅक्टेरियम अॅबसेससचा संसर्ग पसरला होता, तो अशाच दूषित पाण्यातून.

मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईत क्लोरीन घालून येतं, ठाण्यातही पालिकेचं पाणी शुद्ध केलेलं असतं. पण सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून खाली येईपर्यंत त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. एप्रिल-मेमध्ये घोडबंदर पट्ट्यातल्या अनेक सोसायट्यांत टँकर येतात, तेव्हा तर काहीच सांगता येत नाही. खुर्ची थेट नळाला जोडलेली असेल तर पहिलं काम: एक किंवा दोन लिटरच्या स्वतंत्र बाटलीवर आणा. बहुतेक खुर्च्यांना हा जोड लागतो.

बाटलीत आरओचं पाणी भरलं की काम झालं, हा गैरसमज. आरओ क्लोरीनही काढून टाकतं, त्यामुळे जंतूंना तिथे अडवणारं काहीच उरत नाही. पाण्यात रोजची गोळी किंवा थेंब घालावेच लागतात, खुर्चीच्या कंपनीने मान्य केलेले. उद्दिष्ट: मिलिलिटरमागे ५०० पेक्षा कमी जंतूवसाहती. हेटेरोट्रॉफिक प्लेट काउंट या नावाने पाण्याची प्रयोगशाळा ही चाचणी करते. नळीच्या टोकाचा नमुना द्या, बाटलीतला नको.

सकाळी प्रत्येक नळी दोन मिनिटं, दोन पेशंटमध्ये २० ते ३० सेकंद. याने तरंगते जंतू आणि मागे ओढलेली लाळ जाते. भिंतीवरचा थर जात नाही. त्यासाठी ठरावीक दिवसांनी तीव्र मात्रेचं शॉक ट्रीटमेंट लागतं, आणि ते करताना हँडपीस काढून ठेवायचे, नंतर भरपूर पाणी सोडून रसायनाचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. रात्री बाटली काढून रिकामी करा, उलटी वाळत ठेवा, नळ्यांतून हवा फुंका.

हाड उघडणारं काम, म्हणजे अक्कलदाढेची शस्त्रक्रिया किंवा इम्प्लांट, खुर्चीच्या पाण्यावर कधीच करायचं नाही. निर्जंतुक सलाइन, वेगळ्या निर्जंतुक नळीतून किंवा सिरिंजने.

सक्शनबद्दल एकच: पेशंटला नळीभोवती ओठ मिटायला सांगू नका. ओठ मिटले की दाब उलटतो आणि आधीच्या पेशंटचं नळीतलं मागे येऊ शकतं. दिवसअखेर लिटरभर पाण्यात फेस न होणारं एन्झाइम क्लीनर ओढून घ्या. ब्लीच नको.

दोन पेशंटमधली दहा मिनिटं

अपॉइंटमेंट देतानाच ही दहा मिनिटं धरा, नाहीतर ती कधीच मिळत नाहीत.

हातमोजे काढा, हात धुवा. दिसेल असा मळ असेल तर साबणाने ४० ते ६० सेकंद, नाहीतर अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद. अंगठी, घड्याळ, मनगटावरचा धागा काढलेला हवा. बांगड्या काढायला असिस्टंट ताई नाखूष असतील तर त्या कोपरापर्यंत वर सारून पट्टीने बांधण्यापेक्षा, कामावर येताना काढून डबीत ठेवायची सवय लावणं सोपं जातं. नेमणुकीच्या दिवशीच सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. हातमोज्यांवर सॅनिटायझर चोळून पुढचा पेशंट बघणं बंद. अल्कोहोलने मोज्याला न दिसणारी भोकं पडतात.

लाइटचं हँडल, खुर्चीची बटणं, थ्री-वे, लाइट-क्युअर, एक्स-रे सेन्सर यांवर प्लास्टिकचं आवरण चढवा आणि पेशंटगणिक बदला. आवरण नसेल तिथे दोनदा पुसायचं: पहिल्या वाइपने मळ, ती टाकून दुसऱ्या वाइपने जंतुनाशक, आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं तो भाग ओला राहिला पाहिजे. नुसतं स्पिरिट फवारून लगेच पुसण्याने काही होत नाही, ते मिनिटाच्या आत उडतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो हे लक्षात ठेवलं की लाइटच्या हँडलकडे बघायची नजर बदलते.

जमिनीवर रक्त सांडलं तर टिश्यू टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट ओता, दहा मिनिटं थांबा, मोजे घालून उचला. ५ टक्क्यांच्या बाटलीतून १ टक्का करायला एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. रोजच्या लादीसाठी ०.१ टक्का पुरे: २० मिलिलिटर द्रावण आणि वर लिटरभर होईपर्यंत पाणी. रोज सकाळी नवं करा, झाकण लावून उन्हापासून लांब ठेवा. मावशींना एक गोष्ट स्पष्ट सांगा: हे संडासच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

भुलीच्या बाटलीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. लिग्नोकेनची ३० मिलिलिटरची बाटली खुर्चीजवळच्या ट्रॉलीवर उघडी, तिच्या रबरात सुई खोचलेली, हे दृश्य अजून दिसतं. त्या सुईतून हवा आत-बाहेर होत राहते. त्याहून वाईट म्हणजे एकाच पेशंटला दुसऱ्यांदा भूल देताना वापरलेली सिरिंज पुन्हा बाटलीत जाते आणि त्या क्षणी बाटली पुढच्या तीस जणांसाठी धोक्याची होते. बाटली खुर्चीपासून लांब ठेवा. दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज. रबरावर आधी अल्कोहोल पुसून वाळू द्या. उघडल्याची तारीख लिहा, २८ दिवसांनी उरली असेल तरी टाका. परवडत असेल तर कार्ट्रिज वापरा, एका पेशंटला एक.

इम्प्रेशन वाहत्या पाण्यात धुवून, ०.५ टक्का हायपोक्लोराइट फवारून बंद पिशवीत दहा मिनिटं ठेवा. अल्जिनेट बुडवून ठेवू नका, पाणी पिऊन फुगतं आणि क्राउन बसत नाही. अॅडिशन सिलिकोन बुडवलं तरी चालतं.

सुई टोचली तर

टोपण परत लावायचंच असेल तर टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवा. बहुतेक जखमा दुसऱ्या हाताने टोपण धरताना होतात.

टोचल्यावर साबण-पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. पेशंट अजून खुर्चीत असेल तर विनंती करून रक्ततपासणीची संमती घ्या. एचआयव्हीचा धोका एका टोचण्यामागे साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी चा साधारण १.८ टक्के. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी चा धोका मात्र ६ ते ३० टक्के. एचआयव्हीसाठी प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, पुढे २८ दिवस. हे औषध रात्री नऊनंतर कुठे मिळेल ते आजच विचारून ठेवा: कळव्याचं पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं पालिका रुग्णालय, ठाण्याचं जिल्हा रुग्णालय. नंबर भिंतीवर लावा.

हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागू पडली का ते सांगणारी रक्तचाचणी) तपासा, १० किंवा त्याहून जास्त हवं. डॉक्टरांनी घेतलेली असते. धुण्याचं काम करणाऱ्या असिस्टंट आणि कचरा उचलणाऱ्या मावशींनी घेतली आहे का, हे विचारा. पैसे क्लिनिकने द्यायचे.

कचरा

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. पिवळ्या पिशवीत रक्ताळलेला कापूस, गॉझ, मास्क, काढलेले दात, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत हातमोजे, सक्शन टिप, सुईविना सिरिंज, सलाइनची नळी. पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड, बर, फाइल, मेट्रिक्स बँड. निळ्या खोक्यात काचेची कार्ट्रिज आणि बाटल्या. पांढरा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद.

अमाल्गम भरलेला दात पिवळ्या पिशवीत टाकू नका आणि ऑटोक्लेव्हही करू नका, पारा वाफेत जातो. अमाल्गमचे तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळे. एक्स-रे फिल्ममधली शिशाची पट्टीही वेगळी.

कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, पिशवीवर बारकोड, रोजचं वजन वहीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे प्रपत्र २ मध्ये अर्ज करावा लागतो, खाटा नसलेल्या क्लिनिकला ही परवानगी एकदाच. वार्षिक अहवाल प्रपत्र ४ मध्ये, दरवर्षी ३० जूनपर्यंत. घंटागाडीत फक्त कागद आणि चहाचे कप जातात.

पावसाळा आणि सुट्टी

जून ते सप्टेंबर कपाटातले पाऊच दमट होतात, चिकटपट्टी सुटते. कपाट बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीखाली नको, बेसिनखाली तर नकोच. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. जुने पाऊच पुढे, नवे मागे. कागदावर पाण्याचा डाग, चुरगळ किंवा सुटलेली कड दिसली तर त्यावरची तारीख कालची असली तरी तो पाऊच पुन्हा धुण्यापासून.

गणपतीला क्लिनिक पाच-सात दिवस बंद राहतं, दिवाळीत तसंच. बंद करताना बाटली रिकामी, नळ्या कोरड्या, सक्शनचा फिल्टर धुतलेला, अल्ट्रासॉनिक रिकामं आणि पुसलेलं, ऑटोक्लेव्हचं दार उघडं, टाकीतलं पाणी काढलेलं, कचरा त्याच दिवशी दिलेला. उघडायच्या दिवशी एक तास आधी या. नळ्यांना शॉक ट्रीटमेंट, मग पाच मिनिटं पाणी. रिकाम्या ऑटोक्लेव्हला हेलिक्स चाचणी, मग बीजाणूंच्या कुपीसह पहिली भरलेली फेरी. तोवर सुट्टीआधीच्या, नीट कोरड्या राहिलेल्या पाऊचवर काम चालवा आणि त्या दिवशी शस्त्रक्रियेची अपॉइंटमेंट देऊ नका. कुपीचा निकाल एक-दोन दिवसांनी येतो.